‘सविनय कायदेभंग’ कशाला म्हणावे?

गोरेगावच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या वाचनालयाच्या वादविवाद स्पर्धेसाठी ‘पर्यावरण रक्षणासाठी कायदेभंग समर्थनीय आहे काय?’ असा विषय ठरला असून त्यात ‘समर्थनीय’च्या जागी ‘क्षम्य’ किंवा ‘न्याय्य’ लिहिल्यास अर्थ बदलतो का, आणि २०१९ साली मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी होणारी वृक्षतोड रोखायला लोक जमले, त्याला ‘सविनय कायदेभंग’ म्हणणे बरोबर ठरेल का.

अर्थ बदलतो, आणि बराच बदलतो. ‘क्षम्य’ म्हटले की अपराध घडला हे आधीच कबूल केल्यासारखे होते आणि तो माफ करावा की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. ‘समर्थनीय’ हा त्यामानाने सैल शब्द आहे, कारण बाजू मांडणारा कुशल असेल तर समर्थन जवळपास कशाचेही करता येते. ‘न्याय्य’ हा मात्र काटेकोर शब्द आहे. पाणिनीने ‘धर्मपथ्यर्थन्यायादनपेते’ (४.४.९२) या सूत्रात धर्म्य, पथ्य, अर्थ्य आणि न्याय्य हे चार शब्द एकत्र सिद्ध केले आहेत, ‘अनपेत’ म्हणजे न ढळलेले, म्हणून जे न्यायापासून ढळलेले नाही ते न्याय्य. (आजारपणात आपण जे पथ्य पाळतो, तेही याच सूत्राने ‘वाटेपासून न ढळलेले’ ठरते.) यात मोजमाप न्यायाचे आहे, कायद्याचे नाही, म्हणूनच ‘न्याय्य कायदेभंग’ या शब्दप्रयोगात कोणताही अंतर्विरोध नाही, तर ‘कायदेशीर कायदेभंग’ म्हणणे मात्र अर्थशून्य होईल. स्पर्धेच्या विषयात ‘न्याय्य’ हाच शब्द घालावा असे मी सुचवीन, आणि तो लिहिताना दुसरा ‘य’ गाळू नये. ‘न्याय मागणी’ असे फलक मुंबईत वारंवार दिसतात, तिथे ‘न्याय्य मागणी’ हवे.

‘कायदेभंग’ हा अरबीतून आलेल्या ‘कायदा’ आणि संस्कृत ‘भंग’ यांचा संकर समास आहे, ‘कायदेमंडळ’ आणि ‘कायदेपंडित’ यांच्यासारखाच. अलीकडे ‘कायदा तोडला’ असेही ऐकू येते, तो हिंदीचा प्रभाव होय. मराठीत झाड तोडतात. कायदा, शब्द आणि शपथ मोडतात.

खरा भार ‘सविनय’ या शब्दावर आहे. अर्जाच्या मायन्यातल्या ‘सविनय’मुळे आपल्याला त्याचा अर्थ केवळ नम्रतेने, हात जोडून, असा वाटतो. परंतु ‘विनय’ हा शब्द ‘वि’ आणि ‘नी’ यांपासून झाला असून वळण लावणे, शिस्त, हा त्याचा जुना आणि भक्कम अर्थ आहे. बौद्ध भिक्षुसंघाच्या नियमांच्या ग्रंथाला विनयपिटक म्हणतात ते त्यामुळेच. या अर्थाने सविनय कायदेभंग म्हणजे शिस्तीने केलेला कायदेभंग. कोणता कायदा मोडायचा हे आधी ठरवावे, ते उघडपणे सांगावे, मोडताना कोणाच्या अंगाला हात लावू नये, आणि शिक्षा होईल ती चुकवू नये, एवढ्या अटी त्या एका विशेषणात सामावलेल्या आहेत. गुजरातीत नुसते ‘सविनय भंग’ म्हणूनही भागते. मराठीत ‘विनयभंग’ हा शब्द एका वेगळ्याच, गंभीर गुन्ह्यासाठी रूढ असल्यामुळे ‘कायदे’ हा मधला शब्द आपल्याला गाळता येत नाही.

या अटी महाराष्ट्राने १९३० साली प्रत्यक्षात आणून दाखवल्या आहेत. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रही जथ्याजथ्यांनी गेले ते मिठाचा कायदा मोडण्यासाठी. ज्या भागांत समुद्र नव्हता तिथे जंगलाचा कायदा निवडला गेला. लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैमध्ये पुसद येथे राखीव रानात गवत कापून जंगल सत्याग्रह केला, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर येथे अशाच सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हाचा कायदा लोकांना रानातले गवत आणि लाकूड घेऊ देत नव्हता, म्हणून लोकांनी कापून कायदा मोडला. आरेत कापण्याची परवानगी कायद्यानेच दिली होती आणि माणसे कापू न देण्यासाठी उभी राहिली. दोन्ही वेळी वाद रानावर हक्क कोणाचा हाच होता, आणि म्हणून ‘जंगल सत्याग्रह’ हा शब्द आजच्या आंदोलकांनी उचलला तर मला तो उसना वाटत नाही.

मात्र ‘सत्याग्रह’ आणि ‘कायदेभंग’ हे समानार्थी शब्द म्हणून वापरू नयेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले तो सत्याग्रह होता; कायदेभंग मुळीच नव्हता, कारण तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. तिथे सत्याग्रहींनी कायदा अमलात आणला, आणि तो मोडणारे त्यांच्यावर हल्ला करणारे होते.

आता आरे. मेट्रो तीनच्या कारशेडसाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे पडू लागली. बातमी पसरताच लोक तिथे धावले. जमावबंदीचा आदेश लागू झाला तो ५ तारखेला. म्हणजे आदल्या रात्री धावून आलेल्यांनी जमावबंदी मोडली असे म्हणता येत नाही. नंतर आलेल्यांनी मोडली असे म्हणता येते. एकोणतीस जणांना अटक होऊन त्यांना न्यायालयीन कोठडीत पाठवण्यात आले. पोलिसांच्या कागदोपत्री अशा जमावाला ‘गैरकायद्याची मंडळी’ म्हणतात, आणि भारतीय दंड संहितेच्या ज्या ३५३ व्या कलमाचा तेव्हा वापर झाला त्याला बोलीत ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणतात. हे दुसरे नाव दिशाभूल करणारे आहे. नुसत्या अडथळ्याचे कलम १८६ होते. ३५३ व्या कलमात सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर अभिप्रेत होता. झाडापुढे उभे राहणे आणि हवालदारावर हात उचलणे या दोन गोष्टींना एकच सौम्य नाव देऊन आपण त्यांच्यातील भेद पुसून टाकतो आणि आंदोलकावर अन्याय करतो.

त्यामुळे आरेतल्या त्या रात्रीला ‘सविनय कायदेभंग’ म्हणताना मी जरा थांबेन. ‘कायदा मोडणार आहोत’ असे जाहीर करून लोक आले नव्हते. डोळ्यांदेखत झाडे पडत होती म्हणून आले होते. त्या रात्रीसाठी ‘प्रतिरोध’ हा शब्द अधिक अचूक आहे. दुसऱ्या दिवशी आदेश ठाऊक असूनही जे शांतपणे आले आणि पोलिसांच्या गाडीत बसले, त्यांच्यासाठी मात्र ‘सविनय कायदेभंग’ हाच शब्द योग्य आहे, आणि तो आदराने वापरावा.

तो न्याय्य होता का? माझ्या मते होता, आणि कारण तारखांतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला यापुढे एकही झाड तोडू नये असा आदेश दिला आणि अटकेतील आंदोलकांना सोडण्यास सांगितले. तोपर्यंत परवानगी मिळालेल्या २,१८५ झाडांपैकी २,१४१ झाडे पडलेली होती. चुकीची करआकारणी व्याजासह परत करता येते, हिरावलेली जमीनही कधी परत मिळते. पण वाढलेले झाड कोणत्याही निकालाने पुन्हा उभे होत नाही. जिथे नुकसान अपरिवर्तनीय असते आणि अपिलाला लागणारा वेळच संपवून टाकला जातो, तिथे थोडा वेळ मिळवण्यासाठी शिस्तीने मोडलेला आदेश न्यायापासून ढळलेला नाही, असे मी मानतो. कायद्याची मर्यादा ओलांडणारे नेहमी आंदोलकच असतात असेही नाही: नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरेतील ८४ झाडांपुरतीच मुभा दिली असता त्याहून अधिक झाडांसाठी परवानगी मिळवल्याबद्दल त्याच न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो रेल महामंडळाला दहा लाख रुपयांचा दंड केला. त्या कृतीचे वर्णन करताना मात्र ‘कायदा मोडला’ हे साधे क्रियापद वापरायला आपण कचरतो. ‘प्रक्रियात्मक त्रुटी’ असे काहीतरी लिहितो. हा पक्षपात भाषेने सोडला पाहिजे.

वाचकांनी पत्राच्या शेवटी लंडनच्या आंदोलकांचे उदाहरण देऊन त्यांनी ‘कायदा हातात घेतला’ असे म्हटले आहे. तिथे एम-२५ या वर्तुळाकार महामार्गाची वाहतूक रोखण्याच्या कटाबद्दल जुलै २०२४ मध्ये पाच हवामान आंदोलकांना चार ते पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ही शिक्षा मला अतिशय कठोर वाटते. तरीही त्यांची कृती सविनय होती असे मी बेधडक म्हणणार नाही, कारण ज्यांनी तो रस्ता वापरण्यापलीकडे काही केले नव्हते अशा अनोळखी माणसांना त्या कृतीची झळ बसली, आणि विनयाच्या अटींत दुसऱ्याला त्रास न देण्याची काळजीही येते. पुसदला कापलेल्या गवताने कोणाची वाट अडली नव्हती. परंतु ‘कायदा हातात घेणे’ हा वाक्प्रचार इथे चुकलाच आहे. कायदा हातात घेणारा स्वतःच न्यायाधीश होऊन दुसऱ्याला शिक्षा देतो. चोर समजून एखाद्याला बदडणारा जमाव कायदा हातात घेतो. कायदेभंग करणारा शिक्षा देत नाही, ती भोगतो. एम-२५ प्रकरणातले पाचही जण न्यायालयापुढे उभे राहिले आणि तुरुंगात गेले, म्हणून त्यांच्याविषयी ‘कायदा मोडला’ असे लिहावे, ‘हातात घेतला’ असे लिहू नये.