अणुकेंद्र डळमळत नाही, डोलते

विरूपित, म्हणजे गोल नसलेल्या, अणुकेंद्रांच्या 'वॉबलिंग' गतीला मराठीत 'डळमळ' म्हणावे का, अशी एका वाचकांची पृच्छा आहे. कृपया म्हणू नये. डळमळते ते कोसळण्याच्या बेतात असते, आणि म्हणूनच 'डळमळते अणुकेंद्र' असे छापलेले दिसले की वाचकाला किरणोत्सर्गी विघटन आठवते. हा घोळ वारंवार वाचून मी कंटाळलो आहे. ज्याचे तिन्ही अक्ष असमान आहेत असे अणुकेंद्र सर्वांत कमी ऊर्जेत फिरते ते सर्वाधिक निरूढी परिबलाच्या, म्हणजे ज्याभोवती फिरवणे सर्वांत जड जाते त्या, अक्षाभोवती. ऊर्जेचा आणखी एखादा पुंज (क्वांटम) मिळाला, की तो अक्ष स्थिर कोनीय संवेगाच्या (फिरण्याच्या संवेगाच्या) दिशेपासून ढळून तिच्याभोवती डोलू लागतो. यात कोसळण्याचा संबंध नाही.

'परांचन' (बाहेरच्या ओढीने फिरत्या वस्तूच्या अक्षाचे शंकूसारखे फिरणे) सुचवणाऱ्या परिभाषापंडितांचेही मला पटत नाही. पृथ्वीच्या अक्षाचे सुमारे 26,000 वर्षांचे परांचन सूर्यचंद्रांच्या ओढीने घडते. अणुकेंद्राला बाहेरून कोण ओढते? जवळचे उदाहरण हवेच असेल, तर खगोलशास्त्रज्ञ चँडलर यांनी 1891 मध्ये दाखवून दिलेले, सुमारे चौदा महिन्यांचे पृथ्वीच्या ध्रुवांचे डोलणे घ्यावे.

खरी गंमत अशा फिरत्या वस्तूंचा नमुना असलेल्या 'भोवरा' या शब्दात आहे. तो संस्कृत 'भ्रमर' वरून आला, आणि 'भ्रम्' हा धातू धातुपाठात (संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत) दोनदा येतो: एकदा 'भ्रमु चलने' असा आणि एकदा 'भ्रमु अनवस्थाने' असा. चलन म्हणजे हालणे, अनवस्थान म्हणजे एका स्थितीत न टिकणे. ज्या धातूतून फिरणारा भोवरा निघाला त्यातूनच फिरवणारी भोवळ निघाली; फिरणे आणि स्थिर न राहणे यांचे नाते आपल्या वैयाकरणांनी एकाच धातूत नोंदवले, असे मी तरी मानतो, कोणी याला ओढाताण म्हटले तरी.

मात्र 'भ्रम' चा आजचा अर्थ आड येत असल्याने मी 'डोल' सुचवतो. भौतिकशास्त्रज्ञ ओगे बोर आणि बेन मॉटेलसन यांनी 1975 मध्ये वर्तवलेला हा डोल 2001 मध्ये ल्युटेशियम-163 या अणुकेंद्राच्या गॅमा किरणांत प्रथम ओळखला गेला. पुढे 2014 मध्ये फ्राउएनडॉर्फ आणि ड्योनाऊ यांनी त्याचे दोन प्रकार केले: विषम (जोडीविना उरलेल्या) कणाचा कोनीय संवेग सर्वाधिक निरूढी परिबलाच्या अक्षाशी काटकोनात असेल तर आडवा डोल, त्याच अक्षाच्या दिशेने असेल तर उभा. परिवलन वाढते तशी आडव्या डोलाची ऊर्जा घटते आणि उभ्याची वाढते.