पासपोर्टची तारीख शिल्लक, तरी विमानात घेतलं नाही

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो, ब्रिटिश पासपोर्ट. जुलै 2026 मध्ये स्पेनला निघालो तर नवऱ्याला एअरपोर्टवरूनच परत पाठवलं. पासपोर्ट जून 2016 चा, एक्सपायरी फेब्रुवारी 2027, मग चुकलं कुठे?

उत्तर : ताई, नुसती एक्सपायरी बघून काही होत नाही हो, काढल्याची तारीखही बघायची! युरोपात शिरता त्या दिवशी पासपोर्ट 10 वर्षांच्या आतला पाहिजे, आणि परत निघाल्यावर पुढे 3 महिने चालणारा पाहिजे. सप्टेंबर 2018 च्या आधी ब्रिटन जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात टाकून द्यायचं, 10 वर्षं मोजताना तेच जास्तीचे महिने युरोप धरत नाही, आणि यात तुमच्यासारखे कितीतरी लोक अडकलेत. ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं तेव्हा हे कोणी विचारतही नव्हतं, 2021 पासून मात्र ब्रिटिश माणूस तिथे बाहेरचाच. म्हणून तर कुठल्याही 180 दिवसांत फक्त 90 दिवस राहता येतं, आणि ते स्पेनचे वेगळे फ्रान्सचे वेगळे असं नाही हं, सगळ्या शेंगेन देशांचे, म्हणजे आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपातल्या देशांचे मिळून (स्पेनमध्ये घर घेऊन थंडी काढणारे आजी-आजोबा यावर जाम चिडलेत, आणि चिडणारच ना). ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटोही घ्यायला लागलेत, त्यामुळे जादा दिवस राहिलात तर लगेच कळतं. शिवाय ब्रिटनहून चीज किंवा हॅमचं सँडविच नेऊ नका, काढून घेतात.

आयर्लंडला मात्र सँडविचचा नियम सोडला तर यातलं काही लागू नाही, तिथला करार वेगळा आणि फार जुना. बुडालेल्या ट्रिपचे पैसे विमा कंपनीकडून सुटतील असं धरून चालू नका, कागदपत्रांच्या चुकीला बहुतेक पॉलिसी हात वर करतात.