बुटका डॉग फ्लॉवर : कुंडीत आणि काळ्या मातीत

प्रश्न : नागपुरात मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते. गॅलरी पूर्वेची आहे. मागच्या हिवाळ्यात नर्सरीतून फुललेली बुटक्या डॉग फ्लॉवरची रोपं आणली. थोड्याच दिवसांत फुलं गळाली, नवी आलीच नाहीत आणि पानांखाली तपकिरी पूड दिसू लागली. यंदा कुंडीत काय बदलू? माहेरच्या अंगणात काळी माती आहे, तिथे जमेल का?

उत्तर : ताई, ती पूड म्हणजे तांबेरा. तुम्ही रोज पानांवरूनच पाणी घालत असाल, असं वाटतं. ओल्या पानांवर हा रोग झपाट्याने पसरतो. म्हणून पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी द्या, रोपांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवा. ठिपके दिसले की ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या डब्यात मुळीच नको.

यंदा फुललेली रोपं आणूच नका. फुललेल्या रोपाची ताकद फुलांत गेलेली असते, लावल्यावर ते मूळ धरायला वेळ लावतं. कळी न आलेलं, बसकं, गडद हिरवं रोप निवडा. त्याहून बरं म्हणजे घरीच बी टाका. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन ओसरू लागलं, कोजागरी झाली, की टाकायचं. हे बी धुळीइतकं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो, त्यामुळे वरून माती घालायची नाही. ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, भुरभुरवा, तळव्याने हलकेच दाबा आणि ट्रेला खालून पाणी पाजा. दहा-पंधरा दिवसांत हिरवी टिंबं दिसतात. चार-सहा पानांवर आलं की रोप हलवा आणि बोटभर वाढल्यावर शेंडा एकदा खुडा. खुडताना जीव कळवळतो, पण बाजूच्या फांद्या त्यानेच फुटतात. काही बुटक्या जाती आपोआप फुटतात, त्यांना खुडायची गरज नसते.

आठ इंची कुंडीत तीन रोपं पुरेत. माती, शेणखत आणि कोकोपीट समान घ्या, मूठभर निंबोळी पेंड घाला. तळाची छिद्रं मोकळी हवीत. तुमचं पूर्वेचं ऊन या झाडाला छान मानवतं.

अंगणात नक्की जमेल, पण काळ्या मातीत थेट नको. ती ओली झाली की पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. नुसती रेती मिसळूनही भागत नाही. भरपूर शेणखत घालून वीतभर उंच वाफा करा. रोपं वाफ्यावर लावा, पाणी सरीतून द्या.

साधारण जानेवारीत फुलं सुरू होतील. वाळलेला तुरा पानांच्या जोडीवर कापलात तर दुसरा बहर येतो. एखाद्या फुलाच्या गालांना दोन बोटांनी दाबून बघा, तोंड उघडतं. मुलांना हे जरूर दाखवा, मला अजूनही ते बघायला आवडतं. मार्चअखेरच्या तापमानात झाड थकतंच, ते जगवायचा अट्टहास करू नका. मागच्या वर्षीच्या रोगट कुंड्यांची माती मात्र आधी बदला, नाहीतर यंदा तिथे पिटुनिया लावा.