समर इंटर्नशिप: सुरुवातीला एवढंच बघ

अरे, मार्चमध्ये अर्ज करायला बसू असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक. अमेरिकेत मोठ्या फार्मा कंपन्यांच्या बायोस्टॅटच्या (बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे औषध-आरोग्याच्या डेटाचं संख्याशास्त्र) इंटर्नशिपच्या बऱ्याच जागा आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच निघायला लागतात आणि कित्येकदा डेडलाईनची वाट न बघता इंटरव्ह्यू सुरू होतात, त्यामुळे रेझ्युमे ऑगस्टमध्येच तयार हवा.

रेझ्युमेत कोर्सची यादी लावू नकोस, ती सगळ्यांची सारखीच असते. त्यापेक्षा एक प्रोजेक्ट नीट लिही, डेटा कुठला, प्रश्न काय होता, तू स्वतः काय केलंस, उत्तर काय आलं. आणि तेच दोन मिनिटांत, फॉर्म्युले न फेकता, बोलता यायला हवं. पी-व्हॅल्यू म्हणजे नेमकं काय, मिसिंग डेटाचं काय केलंस, लॉजिस्टिक मॉडेल (हो-नाही उत्तरासाठी) का वापरलं आणि कॉक्स (घटना घडायला किती वेळ लागतो त्यासाठी) का नाही, असल्या बेसिकवरच हुशार मुलं अडकतात, खरंच.

बाकी नेहमीच्या चुका:
- आर ही स्टॅटची प्रोग्रॅमिंग भाषा येते म्हणून निवांत बसणं. क्लिनिकल ट्रायल्समध्ये (माणसांवरच्या औषध-चाचण्यांत) सॅस हे स्टॅटचं सॉफ्टवेअर अजून भरपूर चालतं, त्यातलं डेटा स्टेप (डेटा तयार करणं) आणि प्रॉक मीन्सपुरतं (सरासरी वगैरे काढणं) तरी शीक.
- दोन-चार मोठ्या नावांनाच अर्ज. सीआरओ (फार्मा कंपन्यांसाठी ट्रायल्सचं काम करून देणाऱ्या कंपन्या), हॉस्पिटलांची रिसर्च सेंटर्स पण बघ. सरकारी जागांना बऱ्याचदा नागरिकत्व लागतं, ती अट आधी वाच.
- एफ-१ या स्टुडंट व्हिसावर असशील तर सीपीटी (शिक्षणाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी) मंजूर व्हायच्या आधी कामाला हात लावायचा नाही. ऑफर आली की लगेच युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाक.

बेझियन, मशीन लर्निंग वगैरे आत्ता राहू दे. पीएचडी करत असशील तर गाईडला मात्र आत्ताच सांगून ठेव, तुझा उन्हाळा त्यांच्या ग्रँटमध्ये (संशोधनाच्या निधीत) धरलेला असू शकतो.