कथा वाचताना ‘बरं झालं’ असं वाटलं, तर?

समुपदेशनासाठी येणाऱ्या वाचकांना एक प्रश्न विचारताना फार संकोच वाटतो. भयकथा, गूढकथा किंवा माणसाच्या मनाचा तळ ढवळून काढणारी एखादी कादंबरी वाचताना आपल्याला जे वाटले, ते चांगल्या माणसाला वाटायला नको होते. मग आपल्यातच काही विकृती आहे का, असा तो प्रश्न असतो. कुणाला खुन्याविषयी कणव आलेली असते, कुणाला क्रौर्याच्या वर्णनावरून नजर हटवता आलेली नसते, आणि कुणाला जिथे रडू यायला हवे होते तिथे हायसे वाटलेले असते. हा शेवटचा अनुभव माणसाला सर्वांत जास्त छळतो, म्हणून त्याविषयीचीच एक हकिगत येथे देत आहे. संबंधित बाईंची संमती घेतली आहे आणि त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

या बाई बेळगावात शहापूर भागात राहतात आणि मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतात. वय चाळिशीच्या पुढे, लग्न झालेले नाही. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला असून तो न चुकता पैसे पाठवतो. थोरली बहीण निपाणीला दिलेली, ती सणावाराला येऊन जाते. आईला भरवणे, कूस बदलणे, औषधे, कपडे आणि रात्रीची जागरणे हे सगळे बाईंकडे. पूर्वी थंडी सुरू झाली की कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून भरणाऱ्या साहित्य संमेलनांना त्या मैत्रिणींबरोबर आवर्जून जात असत. आईच्या आजारपणानंतर ते बंद झाले आणि रात्री आईच्या खाटेशेजारी बसून वाचायचे, एवढेच त्यांचे म्हणून उरले.

अशाच एका रात्री एका दिवाळी अंकातली कथा त्यांच्या वाचनात आली. कथेतली सून वर्षानुवर्षे अंथरुणावर असलेल्या सासऱ्याचे सगळे करते. एका रात्री तो पाणी मागतो. ती जागी असते, त्याची हाक तिला ऐकू येते, पण ती उठत नाही. सकाळी सासरा गेलेला असतो. ते वाक्य वाचताच बाईंच्या मनात उमटले, “बरं झालं!” आणि पुढच्याच क्षणी त्यांची नजर शेजारी झोपलेल्या आईकडे गेली.

त्या क्षणापासून त्यांचे स्वास्थ्य गेले. रात्री पुन्हा पुन्हा उठून त्या आईच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना हे पाहू लागल्या. गोळ्या देताना आपल्या हातून जास्त दिल्या जातील या भीतीने तेवढ्यासाठी शेजारच्या काकूंना बोलावू लागल्या. घरातली सगळी पुस्तके खोक्यात बांधून माळ्यावर गेली. रोज रात्री त्या बहिणीला फोन करून विचारत, “आक्का, मी तसलं काही करीन काय गं?” बहीण त्यांना समजावत असे. तासभर बरे वाटे, पुन्हा शंका डोके वर काढी आणि पुन्हा फोन होई. शेवटी ही बहीणच त्यांना घेऊन माझ्याकडे आली. तिचे म्हणणे सरळ होते, “असलं वाचायचंच कशाला, म्हणते मी. वाचून वाचून हिचं डोकं फिरायलंय. आपल्या घरात असली पुस्तकं कधी होती काय, मॅडम?”

काळजीपोटी आलेला हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, म्हणून त्याबद्दल थोडे सांगते. काळोखाच्या कथा आपल्या मातीत बाहेरून आलेल्या नाहीत. नियती, क्रौर्य आणि माणसाचे एकाकीपण इतक्या निर्भयपणे मराठी कथेत आणणारे जी. ए. कुलकर्णी १९२३ साली याच जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मले आणि धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकवले. त्याही फार आधी भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस मानले, त्यांत भयानक आणि बीभत्स यांना शृंगार आणि वीर यांच्याच पंक्तीला बसवले आहे. भय आणि किळस यांचाही आस्वाद घेता येतो हे आपल्या परंपरेने केव्हाच ओळखले होते. त्यामुळे पुस्तके माळ्यावर टाकल्याने बाईंचा प्रश्न सुटेल असे मला वाटत नव्हते. कथेने तो निर्माण केला नव्हता. तो कुठे आहे ते कथेने दाखवले होते.

आधी भीतीचे पाहायला हवे होते. नकोसा विचार मनात येणे आणि तसे करण्याची इच्छा असणे या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणताही मानसिक आजार नसलेल्या बहुसंख्य लोकांच्या मनातही हिंसेचे, अपघाताचे किंवा लाजिरवाणे विचार आपोआप येऊन जातात असे आढळले होते, आणि त्या विचारांचा आशय आजारी माणसांच्या विचारांसारखाच होता. फरक पडतो तो विचार आल्यानंतर. बहुतेक माणसे “काहीतरीच!” म्हणून पुढच्या कामाला लागतात, ज्याचा स्वभाव मुळातच कर्तव्यकठोर असतो तो त्या विचारावरून स्वतःचा न्यायनिवाडा करू लागतो. बाईंना मी विचारले, “आईचं वाईट व्हावं असं ज्याला वाटतं, तो रात्री उठून तिचा श्वास चालू आहे का ते बघतो का?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.”

तरीही असा दिलासा मी पुन्हा पुन्हा देत बसले नाही. आक्कांचा दिलासा जसा तासाभरात विरून जात होता तसाच माझाही गेला असता. विचार दडपण्याचेही तेच होते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची मोकळीक मिळाल्यावर तर त्या विद्यार्थ्यांना अस्वल अधिकच आठवले. म्हणून आम्ही विचाराशी झगडणे सोडून त्याच्याभोवती उभे केलेले पहारे एकेक करून उठवायचे ठरवले. रात्री श्वास तपासायला उठण्याची वेळ आधी थोडी लांबवायची, मग एखादे उठणे गाळायचे. गोळ्यांचे काम काकूंकडून पुन्हा स्वतःकडे घ्यायचे, तेही भीती वाटत असतानाच. बहिणीने फोनवर उत्तर न देता एवढेच म्हणायचे, “शंका आलीय ना? असू दे. जेवलीस काय?” बहिणीला हे फार जड गेले, पण तिने ते पाळले. झोप अनेक आठवडे बिघडलेली असल्याने मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले आणि काही काळ त्यांना औषधे चालू होती.

भीती थोडी उतरल्यावर मी ती कथा घेऊन यायला सांगितले. दिवसाउजेडी, माझ्यासमोर, मोठ्याने वाचायची. थांबावेसे वाटेल तिथे थांबायचे. माझा अंदाज होता की पाण्याच्या प्रसंगाशी त्या अडखळतील. तो प्रसंग त्यांनी वर्गात धडा वाचावा तसा सलग वाचला. आवाज दाटून आला तो त्याच्या दीड पान आधी. तिथे घरात पाहुणे आलेले आहेत, सासऱ्याच्या तब्येतीची चौकशी करून, सुनेचे कौतुक करून ते निघून जातात. सून खरकटी भांडी गोळा करते आणि तिने स्वतः काही खाल्ले का हे कुणाच्याच लक्षात येत नाही. पाहता पाहता बाईंनी अंक मिटून मांडीवर ठेवला. “आमच्याकडेही सगळे असंच म्हणतात, मॅडम. किती करतेस गं आईचं म्हणतात. मी झोपते कधी ते कुणी विचारत नाही.”

काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावरील आपल्या भाष्यात रसाच्या आस्वादाला आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे हे त्यांतले एक आहे. ज्याचे दुःख ताजे आहे त्याला रंगभूमीवरचे दुःख दुसऱ्याचे म्हणून पाहताच येत नाही. मला समुपदेशनाच्या कामात हे विवेचन अनेकदा उपयोगी पडले आहे. बाईंनी ती कथा वाचक म्हणून वाचलीच नव्हती. सून म्हणून जागी राहिलेली तिथे त्याच होत्या. त्यांचे “बरं झालं” म्हाताऱ्याच्या मरणासाठी नव्हते. आपली दमणूक कुणीतरी शब्दांत लिहून ठेवली, याचा तो सुस्कारा होता. आणि सेवा करणाऱ्या माणसाला हे सगळे एकदा संपावे असे वाटणे यात माया आटल्याची खूण शोधणे अन्यायाचे आहे. शरीर आणि मन थकल्याची ती खूण असते, आणि आपल्या घरांत सेवा हा धर्म मानला जात असल्याने ती उघडपणे बोलून दाखवण्याची सोय नसते.

त्यामुळे उरलेले काम कथेचे नव्हते, घराचे होते. भावाला बोलावून घेतले. पैसे वेळेवर येतात याबद्दल त्याचे आभार मानून, बहिणीला पैशांपेक्षा रात्रीची झोप हवी आहे हे तिने स्वतः त्याला सांगावे असे ठरले. हे सांगताना तिचे हात थरथरत होते. भाऊ आधी दुखावला, मग हिशेबाला बसला. आता दिवसा एक बाई आईकडे असते, सुट्ट्यांत भाऊ येऊन राहतो आणि तेवढ्या रात्री बाई दुसऱ्या खोलीत दार लावून झोपतात.

काही वेळा मात्र कथेने आलेली अस्वस्थता एवढ्यावर सोडून चालत नाही. वाचलेल्या प्रसंगामुळे स्वतःवर झालेला जुना अत्याचार डोळ्यांसमोर पुन्हा घडू लागला, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या विचाराची भीती न वाटता त्याची आखणी होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आपल्या भागातून धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, आणि टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते.

बाईंची पुस्तके माळ्यावरून खाली आली आहेत. मध्यंतरी एक कादंबरी त्यांनी अर्ध्यावरच बंद केली आणि मी पुन्हा पळ काढला का, असे मला विचारले. का बंद केली, असे मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “भीती नाही वाटली. लेखक उगाच रक्त सांडतोय असं वाटलं, आणि कंटाळा आला.” मग त्यांनी ती वाचनालयात परत करून दुसरी आणली.