दहा एकर, दोन वाणं आणि युरियासाठी कर्ज

प्रश्न : माझा दहा एकर गहू असतो. सहा एकरांत बुटकं, जास्त उताऱ्याचं वाण आणि चार एकरांत जुनं उंच वाण. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. यंदा सगळीकडे सारखंच एकरी ६० किलो नत्र (नायट्रोजन) द्यायचा विचार आहे. त्यासाठी लागणारा १३०० किलो युरिया एकदम उचलला तर १० टक्के सूट मिळतेय. तेवढ्यासाठी जादा कर्ज काढू का? खत थोडं जास्त झालं तरी नुकसान तर होणार नाही ना?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण कर्जाचा सगळा बेत त्याच्यावरच उभा आहे. जास्त नत्रानं नुकसान होतं, आणि ते तुमच्या चार एकरांत होईल.

उंच वाणाला नत्र जास्त झालं की काडी लांब आणि मऊ होते. ओंब्या भरून जड झाल्यावर वारा-पाऊस आला की पीक लोळतं. दाणा बारीक राहतो, कापणीचा खर्च वाढतो. गव्हाचे संशोधक नॉर्मन बोर्लॉग यांनी मेक्सिकोत ‘नोरिन १०’ या जपानी गव्हाची बुटकेपणाची जनुकं आपल्या वाणांत आणली, त्यामागे हीच अडचण होती. १९६६ साली फिलिपिन्समधून आलेल्या ‘आयआर ८’ या भातानंही तोच मार्ग धरला. बुटक्या वाणांचा मोठा गुण म्हणजे ती जास्त नत्र पेलून उभी राहतात. म्हणजे ६० किलोचा आकडा तुम्ही बुटक्याच्या मापानं काढलात आणि उंचाच्या अंगावर चढवलात.

आता पैशाकडे. मी शेतीतज्ज्ञ नाही, हिशेब बघणारा माणूस आहे, म्हणून एकरी उत्पन्न किती हे विचारत नाही. मी विचारतो, शेवटच्या २० किलो नत्रानं किती गहू जास्त दिला? समजा एक किलो नत्राची किंमत, व्याज आणि टाकायची मजुरी धरून, चार किलो गव्हाएवढी पडते. म्हणजे २० किलोचा एक हप्ता ८० किलो गव्हाला पडला. बुटक्या वाणात पहिल्या हप्त्यानं ३०० किलो गहू वाढला, दुसऱ्यानं १८० आणि तिसऱ्यानं ८०. तिसऱ्यात घातले तेवढेच परत आले. उंच वाणात पहिल्यानं २०० वाढला, दुसऱ्यानं ६० म्हणजे खर्चाहून कमी, आणि तिसऱ्यानं पीक लोळून होतं तेच घटलं. हे आकडे नुसते समजण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमच्या वहीतले घाला. पण उतार असाच असतो: पुढचा प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा कमी देतो, आणि कुठे थांबायचं ते वाणागणिक बदलतं. सरासरी काढली की हे दिसत नाही. उंच वाणाचे तीनही हप्ते एकत्र मांडले तर ‘खतानं फायदाच झाला’ असंच वाटेल, कारण पहिला हप्ता बाकीच्या दोघांचं पाप झाकतो.

पडताळा घ्यायला एक सोपं गणित आहे. १२ टक्के प्रथिनांच्या एक टन गव्हात साधारण २१ किलो नत्र असतं. उंच वाण एकरी टनाच्या आसपासच देत असेल, तर ६० किलोतलं उरलेलं जाणार कुठे? काडीत थोडं जातं, पण जमीन स्वतःही नत्र पुरवतेच. शेणखत टाकलं असेल किंवा आधी कडधान्य घेतलं असेल तर जास्तच.

उरलं तर पुढच्या हंगामाला होईल, असा हिशेब स्फुरदाबाबत (फॉस्फरस) बऱ्यापैकी चालतो. नत्राबाबत चालत नाही. युरिया ओलसर, उबदार जमिनीवर उघडा पडला तर अमोनिया होऊन उडतो. जमिनीत त्याचं नायट्रेट झालं की ते पाण्यात विरघळून मुळांखाली निघून जातं. फाटक्या खिशातली रोकडच ती. म्हणून एका वेळी थोडीच ठेवायची.

माझं मत असं. उंच वाणाला एकरी २० किलो नत्र, बस्स. बुटक्याला ४० किलो, पेरणीला आणि पहिल्या पाण्याला विभागून. तिसरा हप्ता आज विकतच घेऊ नका. बुटक्याच्या शेतात एक अरुंद पट्टी भरपूर नत्राची ठेवा. कांडी धरायच्या सुमाराला बाकीचं शेत त्या पट्टीइतकंच हिरवं असेल तर तिसऱ्याची गरज नाही. फिकं दिसलं, तर तेव्हा घ्या. माती परीक्षणाचा खर्च मात्र आधी करा; या सगळ्या व्यवहारात सर्वांत स्वस्त तेच आहे.

नत्र ३२० किलो झालं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे ७०० किलो युरिया. आता सूट बघू. सूट घेऊन १३०० किलोला ११७० किलोचे पैसे मोजाल. सूट न घेता ७०० किलोला ७०० चेच. तिसरा हप्ता घ्यावाच लागला तरी आणखी २६० किलो, एकूण ९६०. सूट नसतानाही हाच सौदा स्वस्त. शिवाय साठवलेला युरिया दमटपणा धरून दगड होतो, तो खर्च मी धरलेलाही नाही.

कर्जाचं म्हणाल तर मला व्याजदरापेक्षा वेळेची भीती जास्त वाटते. ज्या वादळानं उंच वाण लोळेल, त्याच हंगामाच्या शेवटी कर्जाचा हप्ता फेडायचा आहे. तेव्हा नेहमीच्या पीककर्जात ७०० किलो बसत असतील तर जादा रक्कम उचलू नका. कर्जाची दुसरी उचल नंतर, गरज पडेल तेव्हा घेता येत असेल, तर ती तिसऱ्या हप्त्यासाठी मंजूर करून ठेवा. उचलेपर्यंत व्याज लागत नाही ना, हे आधी लेखी विचारून घ्या.

आणि उंच वाणाच्या गिऱ्हाइकाला एकदा विचारा, तो प्रथिनांवर भाव देतो का. देत असेल तर उशिरा दिलेल्या थोड्या नत्राचा हिशेब बदलतो, मग मला पुन्हा लिहा.