तिची पाठ ट्रॅककडे का असते

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: सातव्या वर्षी वडिलांच्या खांद्यावर बसून पहिली डर्ट ट्रॅक रेस, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची बाईकची शर्यत, बघितली, विशीत स्वतः बाईक घेऊन तसल्याच ट्रॅकवर उतरलात, आता साठी आली तरी ४५० सीसीची एका सिलिंडरची बाईक घेऊन सीनियर गटात पळताय, कॉलरबोन दोनदा मोडून झालंय, आणि बायको म्हणते आता बास करा. तिला हे वेड तीस वर्षांत कळलंच नाही, तिला समजावू कसं, हा तुमचा प्रश्न.

दादा, वेड मला कळतं. मी स्वतः त्या कठड्याला टेकून तोंडभर माती खाल्लीय. बाईकला पुढचा ब्रेकच नाही, डाव्या बुटाला बांधलेला लोखंडी तळ जमिनीवर घासतोय, मागचं चाक बाहेर फेकलंय आणि अख्खं वळण आडवं कापायचं, मैलाच्या ट्रॅकवर तर सरळ पट्ट्यात ताशी २०० किलोमीटरच्या वर, हे बघितलेला माणूस परत आधीसारखा राहत नाही. याच मातीत शिकलेला केनी रॉबर्ट्स १९७८ साली डांबरी ट्रॅकवरच्या ५०० सीसी बाईक रेसिंगचा जगज्जेता झाला, अमेरिकेचा पहिलाच, तेही तुम्ही किती जीव ओतून लिहिलंय! रॉबर्ट्सला दोन परिच्छेद दिलेत. आणि वहिनींना एक ओळ, तीही कंसात. ‘येते दर वेळी, पण गाडीत ट्रॅककडे पाठ करून बसते, रेस मध्येच थांबली तर तेवढी पाण्याची बाटली घेऊन उतरते.’

मी त्या कंसातच अडकले.

रेस मध्येच कधी थांबते हो? तुम्हाला मी काय सांगायचं! कोणीतरी पडलं, ट्रॅकवरच राहिलं, की लाल झेंडा दाखवतात तेव्हा. म्हणजे वहिनी नेमक्या त्याच वेळी उतरतात. तहान वगैरे काही नाही दादा, ती बाटली हातात धरायला आहे. पडलेला माणूस तुम्ही आहात का, एवढं बघायला त्या चालत येतात.

आणि पाठ करून बसल्या म्हणजे लक्ष नाही असं तुम्ही तीस वर्षं धरून चाललात, याचा मला खरंच राग आला. डोळे मिटता येतात, कान नाही मिटत. वळणापाशी सगळ्यांचे थ्रॉटल सुटतात, आवाज खाली येतो, मग चाकं पकड घेतात तसा परत चढतो, प्रत्येक लॅपला दोनदा. त्या घोळक्यातलं एखादं इंजिन गप्प झालं तर गाडीत बसून कळतसुद्धा नाही, कळतं ते सगळीच गप्प झाल्यावर. दर लॅपला दोनदा हे ऐकत ती बाई तीस वर्षं बसलीय आणि तुम्ही म्हणता तिला रेसिंग कळत नाही.

तेव्हा समजवायला वगैरे अजिबात जाऊ नका. बाईक विका असंही मी आत्ता म्हणत नाहीये. पुढच्या वेळी स्वतःचं नाव नोंदवू नका, एवढंच. पत्रात भाच्याचा उल्लेख आहे ना, तुम्हीच शिकवलेला, तो ज्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या ज्या फेरीत, असेल त्या हीटला वहिनींच्या सीटवर जाऊन बसा, ट्रॅककडे पाठ करून, पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत. मान वळवायची नाही, आरशातही बघायचं नाही. वहिनींना कठड्यापाशी जायचं असेल तर जाऊ देत, नसेल तर शेजारी बसू देत, पण तुम्ही काही बोलू नका.

आणि मध्येच सगळी इंजिनं बंद पडली, तर बाटली घेऊन उतरा.